दोरीच्या खटक्याचा होल्डर: ओल्या हातासाठी आतली यंत्रणा कशी घडवावी

गोव्यात पाऊस धरला की चवथ होऊन जाईपर्यंत घरात टांगलेली कुठलीच दोरी पूर्ण सुकत नाही. किनाऱ्याच्या पट्ट्यात तिच्यात मीठही मुरतं. अशा दोरीचं एक टोक माणसाच्या हातात आणि दुसरं २३० व्होल्टच्या होल्डरमध्ये असणार, हे गृहीत धरूनच दोरीचा खटका, म्हणजे दोरी ओढून दिवा लावायचा-विझवायचा स्विच, घडवायला हवा. तो चालतो का, हा प्रश्न नंतरचा. आधी पाहायचं ते एवढंच, की दोरीच्या टोकापासून फेजच्या कॉन्टॅक्टपर्यंत धातूची किंवा ओलीची सलग वाट कुठे तयार होते आहे का.

दोरीचा खटका हवाच कशाला, असंही कुणी विचारेल. न्हाणी, गोठा, बागायतीतला मांगर, पोटमाळा या जागांत तो भिंतीवरच्या बटणापेक्षा सुरक्षित ठरू शकतो. चिऱ्याची भिंत पावसात पाणी धरते, तिच्यात बसवलेली पेटी आतून घामेजते आणि ओल्या हाताने बटण दाबताना बोट थेट त्या पेटीवर टेकतं. दोरीचा खटका सगळी वीज डोक्याच्या वर ठेवतो आणि हातात फक्त दोरी देतो. जुन्या कौलारू घरांत छत उंच असतं, पलंगाजवळ वायर उतरवायची तर भिंत खणावी लागते. तिथेही हीच सोय बरी.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टच्या हार्वे हबेल यांनी साखळी ओढून चालणाऱ्या दिव्याच्या सॉकेटचं पेटंट १८९६ साली घेतलं. तेव्हाच्या सॉकेटला बाहेरून पितळी कवच, आत कागदाचं किंवा फायबरचं अस्तर आणि खाली मण्यांची धातूची साखळी असे. पुढे साखळीच्या मध्ये इन्सुलेशनचा एक मणी घालायची पद्धत आली, म्हणजे कवचात वीज उतरली तरी हातापर्यंत येऊ नये. जुनी पितळी टेबललँप दुरुस्त करताना असे सॉकेट अजून हाती लागतात, त्यांवर ६६० वॉट, २५० व्होल्ट असं कोरलेलं असतं. ते आपल्या हवेत तसेच वापरू नयेत. आतलं कागदी अस्तर ओल शोषतं, पितळी कवचाला अर्थ जोडलेला नसतो आणि साखळीतला तो मणी जेमतेम काही मिलिमीटर लांब असतो. त्यावर खारट धूळ बसून दव धरलं, की मणी नावालाच उरतो. इन्सुलेशन दोरीवर लटकवून भागत नाही, ते यंत्रणेच्या आतच असलं पाहिजे. दोरीवरचा तुकडा हा फार तर दुसरा बंदोबस्त.

इथे दिलेला आराखडा बी२२ म्हणजे आपल्या नेहमीच्या दोन पिनांच्या होल्डरसाठी आहे. त्यात दोन कप्पे आहेत. मुख्य शरीर गोल, बाहेरून ४८ मिलिमीटर व्यासाचं. त्यात वायरचे टर्मिनल, कॉन्टॅक्ट आणि खाली दिव्याच्या पिना. त्याच्या एका बाजूला कानासारखा बाहेर आलेला दुसरा कप्पा. दोरी, रॅचेट (एकाच दिशेने ढकललं जाणारं दातेरी चाक) आणि परतीची स्प्रिंग सगळं त्या कानात. दोन्हींच्या मध्ये २ मिलिमीटर जाडीची भिंत आणि भिंतीतून आरपार जाणारी एकच वस्तू: प्लास्टिकचा आडवा शाफ्ट. शाफ्टच्या आतल्या टोकाला कॅम, म्हणजे फिरताना समोरच्या भागाला ढकलणारा उंचवट्यांचा भाग, बाहेरच्या टोकाला रॅचेटचे दात, आणि हे सगळं एकाच साच्यातून निघालेलं अखंड अंग. धातूचा शाफ्ट घालून त्यावर प्लास्टिकचं बुश, म्हणजे नळीसारखं वेष्टण, चढवण्याचा मोह होतो, कारण टर्निंगवाल्याकडून तसा शाफ्ट तासाभरात मिळतो. तो टाळाच. बुश तडकलं की बाहेरून काहीच कळत नाही आणि खटका पुढची कित्येक वर्षं चालतच राहतो.

कान बाजूला काढण्यामागे आणखी दोन कारणं आहेत. एक, दोरी दिव्याच्या मध्यरेषेपासून ४० मिलिमीटर लांब सरळ खाली पडते. एलईडी बल्ब साधारण ६० मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे दोरी त्याला घासत नाही. दोन, दोरीला वळण घ्यावं लागत नाही. दोरी कडेवरून ४५ अंशांत वळवली तर घर्षणामुळे ओढ साधारण पाचव्या हिश्शाने वाढते, ९० अंशांत वळवली तर जवळजवळ दीडपट होते आणि दोरी त्याच जागी झिजून तुटते. कानाचं तोंड खाली उघडं असल्यामुळे आत आलेलं पाणी तिथूनच गळून जातं. भोक ३ मिलिमीटरचं, दोरी २ मिलिमीटरची, आणि भोकाची कड ३ मिलिमीटर त्रिज्येने गोल केलेली. याहून मोठं भोक ठेवलं तर मुंग्या आत घर करतात. कॉन्टॅक्टमध्ये चिरडलेल्या मुंग्या हे आपल्याकडे खटका बिघडण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.

आता अंतरांकडे. दोन धातूंच्या भागांमधली पृष्ठभागावरून जाणारी सगळ्यात जवळची वाट जितकी लांब, त्या अंतराला क्रीपेज म्हणतात. हवेतून सरळ मोजलेलं ते क्लिअरन्स. आयईसी ६०६६४-१ या आंतरराष्ट्रीय मानकात २५० व्होल्टला साध्या इन्सुलेशनसाठी क्रीपेज पदार्थाच्या गटावर आणि हवेच्या मळकटपणावर ठरतं. सुक्या घरगुती जागेत, म्हणजे मळकटपणाच्या दुसऱ्या पायरीला, तिसऱ्या गटातल्या पदार्थाला २.५ मिलिमीटर पुरतात. तिसऱ्या पायरीला, जिथे धूळ ओली होऊन वाहक बनते, तिथे ४ मिलिमीटर लागतात. हाताला लागणाऱ्या भागासाठी याच्या दुप्पट धरायचे. पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या किनाऱ्यासाठी तिसरीच पायरी धरावी. म्हणून फेजच्या कुठल्याही धातूपासून कानातल्या कुठल्याही धातूपर्यंत किमान ८ मिलिमीटर. कानातली स्प्रिंग विजेला कुठेच जोडलेली नाही, तरी ती हाताला लागणारी आहे असंच समजून मोजायचं, कारण ओल्या दोरीने ती लागणारच असते.

शाफ्ट भिंतीतून जातो ती जागा सगळ्यात नाजूक. तिथे ०.१ ते ०.१५ मिलिमीटर फट ठेवावीच लागते, नाहीतर दमट हवेत शाफ्ट जाम होतो. त्या फटीतून खारट ओल शिरते. उपाय म्हणजे शाफ्टवरच १२ मिलिमीटर व्यासाची पातळ थाळी घ्यायची आणि तिच्यासाठी भिंतीत खाच ठेवायची. ओलीला थाळीवर चढून पुन्हा उतरावं लागतं आणि वाट तेवढ्याने लांबते. थाळी असल्यामुळे शाफ्ट भोकातून ओवता येत नाही, म्हणून शरीर शाफ्टच्या मध्यरेषेवर आडवं दुभंगून दोन भागांत करावं लागतं: खालचा भाग आणि झाकण. मग त्या जोडाची फटसुद्धा क्रीपेजची वाट बनते! जोड सपाट ठेवू नये. एका बाजूला १.५ मिलिमीटरची उभी धार आणि दुसऱ्या बाजूला तिची खाच असा असावा. पहिल्या नमुन्यात नेमकी हीच गोष्ट राहून जाते, कारण चित्रात जोड म्हणजे फक्त एक रेघ दिसते.

पदार्थ निवडताना बेकलाइटवर डोळे झाकून भर देऊ नये. बेकलाइट उष्णतेला उत्तम, साच्यात स्थिर, स्वस्त. पण ओल्या खारट पृष्ठभागावर ठिणगी पडली की ते कोळशाची रेघ धरतं आणि ती रेघ वीज वाहून नेते. या गुणाचं माप म्हणजे सीटीआय. फिनॉलिक बेकलाइटचं ते बहुधा १७५ च्या आतच असतं. डीएमसी म्हणजे काचतंतू घातलेलं पॉलिस्टर मोल्डिंग कंपाउंड ६०० पर्यंत जातं, युरिआ आणि मेलामाइनही या बाबतीत बेकलाइटपेक्षा बरीच सरस. म्हणून शरीर डीएमसीचं. चिनी मातीचं असेल तर आणखी चांगलं, पण इतके बारीक कप्पे भट्टीत आक्रसून मापात येत नाहीत. शाफ्ट आणि प्लंजर (कॅमचा धक्का कॉन्टॅक्टपर्यंत नेणारा सरकता दांडा) ३० टक्के काचतंतूंच्या, आग न धरणाऱ्या पीबीटी प्लास्टिकचे. नायलॉन शाफ्टला नको: ते हवेतली ओल पिऊन फुगतं आणि आपली ०.१ मिलिमीटरची फट जुलै महिन्यात खाऊन टाकतं. अ‍ॅसिटल घसरगुंडीसारखं गुळगुळीत चालतं, पण पेट घेतं आणि जळत राहतं. विजेच्या कप्प्यात त्याला जागा नाही. ज्या प्लास्टिकने विजेचे भाग धरून ठेवलेले असतात त्याला ८५० अंशांच्या तापलेल्या तारेची चाचणी उतरता आली पाहिजे, हे घरगुती स्विचच्या मानकातच आहे.

यंत्रणेचं हृदय म्हणजे झटका. खटका चालू किंवा बंद यांच्या मधे कधीही थांबता कामा नये, दोरी ओढणारा कितीही सावकाश ओढो. यासाठी शाफ्टवर कानातल्या बाजूला ८ मिलिमीटर बाजूचा चौरस घ्यायचा. त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर सपाट तोंडाचे दोन छोटे ठोकळे स्प्रिंगने दाबून धरायचे. चौरस सपाट बाजूवर टेकला की शाफ्ट स्थिर. दोरी ओढली की चौरस फिरतो, त्याचा कोपरा ठोकळ्याला १.६६ मिलिमीटर मागे सारतो, ४५ अंशांवर कोपरा बरोबर मध्यावर येतो आणि त्यापुढे स्प्रिंगच शाफ्टला उरलेले ४५ अंश फेकते. ओढणाऱ्याचं काम निम्म्यावर संपतं. स्प्रिंगचा दाब सपाट बाजूवर ६ न्यूटन आणि कोपऱ्यावर ९ न्यूटन असा ठेवावा.

चार दात आणि दोन उंचवट्यांचा कॅम: दर ओढीला शाफ्ट ९० अंश फिरतो, एकदा उंचवटा समोर, एकदा खोलगट भाग. दात शाफ्टच्या मध्यापासून ६ मिलिमीटरवर धरले तर ९० अंशांसाठी दोरीने ओढल्या जाणाऱ्या, सरकणाऱ्या पट्टीला सुमारे ८.५ मिलिमीटर चालावं लागतं. जीभ पुढच्या दातामागे नीट पडावी म्हणून दीड मिलिमीटर जास्त, म्हणजे एकूण चाल १० मिलिमीटर. जीभ पट्टीतूनच काढलेली लवचीक पट्टी असते. ती जाताना दाताला ढकलते, येताना त्यावरून घसरते. आठ दातांचं रॅचेट घेतलं तर ओढ लहान होते खरी, पण दात इतके बारीक होतात की प्लास्टिकचे टोक गोल झाले की घसरायला लागतात. चारच दात ठेवावेत.

एक बारीक नियम इथे फार महत्त्वाचा आहे. कॉन्टॅक्ट उघडण्याचं काम ४५ अंशांच्या आत सुरू होता कामा नये. कुणी दोरी अर्धी ओढून सोडली तर चौरस मागे येतो. कॉन्टॅक्ट तोवर जरासे हलले असतील तर दर वेळी ठिणगी पडेल. म्हणून कॅमचा चढ ५५ अंशांवर सुरू करून ८५ वर संपवावा, आणि सुरुवातीचा चढ हळुवार ठेवावा, कारण ५५ अंशांवर स्प्रिंगची फेकण्याची ताकद नुकतीच जागी होत असते. हिशोब असा: दोन ठोकळ्यांच्या स्प्रिंगांत मिळून सुमारे २५ मिलिज्यूल ऊर्जा साठते आणि दोन्ही कॉन्टॅक्ट उचलायला सुमारे १० लागते. अडीचपट. दुपटीच्या खाली आलात तर घर्षण आणि धूळ मिळून खटक्याला मधेच थांबवतील. मधे थांबलेला खटका बंद पडलेल्यापेक्षा वाईट, कारण तो आत तापत राहतो आणि वरून दिवा मात्र लागलेला दिसतो.

कॉन्टॅक्टसाठी पत्तीची स्प्रिंग वापरायचा विचार सोडून द्यावा. एवढ्याशा जागेत ३ मिलिमीटर उघडणारी पत्ती एकतर फार ताठ होते किंवा वाकून बसते. त्यापेक्षा १ मिलिमीटर जाडीचा फॉस्फर ब्राँझचा लहान पूल, त्याच्या दोन्ही टोकांना चांदीच्या मिश्रधातूचे ३ मिलिमीटरचे रिव्हेट, आणि पाठीमागून कॉइल स्प्रिंग. स्प्रिंग पुलाला दोन स्थिर कॉन्टॅक्टवर दाबते. कॅम प्लंजरमार्फत पुलाला उचलून बाजूला करतो. म्हणजे जोडणी स्प्रिंग करते आणि तोडणी कॅम करतो. ही दिशा उलटी कधीही ठेवू नये. कॉन्टॅक्ट किंचित चिकटले असतील तर कॅम त्यांना ओढून सोडवतो. स्प्रिंगच्या भरवशावर तोडणी ठेवली तर चिकटलेला कॉन्टॅक्ट तसाच राहतो आणि दोरी ओढणाऱ्याला वाटतं दिवा बंद केला.

कॅमची उचल २.५ मिलिमीटर. चालू स्थितीत कॅम आणि प्लंजर यांच्यात ०.४ मिलिमीटर मोकळं अंतर हवंच, नाहीतर रिव्हेट झिजल्यावर पूल कॅमवर टेकतो आणि कॉन्टॅक्टवरचा दाब जातो. उरतात प्रत्येक टोकाला २.१ मिलिमीटर, दोन टोकांचे मिळून ४.२. दाब प्रत्येक रिव्हेटवर ०.८ न्यूटन. नुसतं पितळ किंवा तांबं कॉन्टॅक्टला नको. एलईडी दिवा काही दहा मिलिअँपिअरच घेतो. इतक्या लहान प्रवाहाला ऑक्साइडचा थर फोडता येत नाही. उलट दिवा लावण्याच्या क्षणी त्याच्या आतला कपॅसिटर भरताना क्षणभर अनेक अँपिअरचा झोत येतो आणि कॉन्टॅक्ट उड्या मारत असले तर तोच झोत त्यांना चिकटवतो. चांदी-निकेल किंवा चांदी-टिन ऑक्साइड दोन्ही बाजू सांभाळतं.

फिरत्या ढोलावर धातूची पट्टी बसवून दोन बाजूंनी घासणारे कॉन्टॅक्ट, ही रचना स्वस्त खटक्यांत दिसते. ती आपल्या हवेला चालत नाही. घासून निघालेली धातूची पूड ढोलाच्या प्लास्टिकवर लिंपली जाते, त्यावर ओल बसते आणि बंद खटक्यातूनही वीज झिरपू लागते. कॉन्टॅक्ट समोरासमोर आपटणारेच हवेत.

पूल दोन घ्यावेत, कॅमच्या दोन बाजूंना एकेक: एक फेजसाठी, दुसरा न्यूट्रलसाठी. कॅमला समोरासमोर दोन उंचवटे असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी उचलले जातात आणि शाफ्टवरचा भारही दोन्हीकडून सारखा येतो. एका तारेवरचा खटका स्वस्त पडतो, पण बी२२ होल्डरच्या दोन्ही पिना सारख्याच दिसतात आणि जुन्या घरात सीलिंग रोझमध्ये फेज कुठल्या तारेत आहे याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. न्यूट्रल तोडणारा खटका दिवा विझवतो पण पिना जिवंत ठेवतो. बल्ब बदलणाऱ्याची बोटं तिथेच जातात. रात्री बंद केलेला एलईडी मंद उजळत राहतो, त्याचंही एक नेहमीचं कारण हेच.

दोरीबद्दल थोडं सविस्तर, कारण यंत्रणेवर हजार रुपये घालून शेवटी दोरी मात्र घरात पडलेली लावली जाते. सुती दोरी वातीसारखी पाणी ओढते, ती नकोच. काथ्याही नको. मासेमारीच्या जाळ्याची वळलेली नायलॉन दोरी मजबूत असते आणि आपल्याकडे सहज मिळते, पण नायलॉन स्वतः पाणी पितं आणि वळणांमधल्या फटीत खारं पाणी धरून ठेवतं. २ मिलिमीटरची विणलेली पॉलिस्टर दोरी घ्यावी. धागा स्वतः एक टक्क्याहूनही कमी पाणी शोषतो. तरी विणीच्या फटीतून ओल चढतेच. म्हणून कानाच्या तोंडापासून ५० मिलिमीटरवर दोरी तोडून मध्ये ४० मिलिमीटरचा भरीव पॉलिप्रॉपिलिनचा दांडा घालायचा, दोन्ही टोकांना भोकं पाडून. वरची दोरी आणि खालची दोरी एकमेकींना लागता कामा नये. ओलीची चढण तिथे तुटते. दांड्याखाली ६० न्यूटनच्या, म्हणजे साधारण ६ किलोच्या ओढीला सुटणारा जोड ठेवावा: पोरं दोरीला लोंबकळतात, आणि गळ्यात अडकण्याचा धोका खरा आहे. खाली शेवटी गाठ आणि लाकडी किंवा प्लास्टिकचा मणी. फास कधीच नको.

पट्टीत दोरी अडकवताना गाठ पट्टीच्या पोकळीत बसवून वरून प्लास्टिकची खीळ दाबावी. दोरी वितळवून चिकटवू नये. वितळलेलं टोक कडक होतं आणि थोड्याच दिवसांत मानेशी तुटतं.

परतीची स्प्रिंग ५ ते ६ न्यूटनची. सगळं मिळून दोरी ओढायला १५ ते १७ न्यूटन लागतात, म्हणजे दीड किलोच्या आसपास. म्हाताऱ्या माणसालाही जमावं आणि वाऱ्याने दोरी हलून दिवा लागू नये, हे दोन्ही यात साधतं. सगळ्या स्प्रिंगा ३०२ किंवा ३०४ स्टेनलेसच्या. काळी पियानो वायर समुद्राजवळ एक पावसाळा काढते, दुसरा काढेल असं नाही.

बसवण्याबाबत: असा होल्डर नुसत्या वायरला लोंबकळत ठेवू नये. दोरी मध्यापासून ४० मिलिमीटर बाजूला असल्यामुळे ओढताना होल्डर तिरका होतो, वायर दर वेळी त्याच जागी मुडपते. ०.५ चौरस मिलिमीटरच्या लवचीक वायरला २ किलो आणि ०.७५ च्या वायरला ३ किलो एवढाच भार टांगायचा संकेत आहे. दिवा, होल्डर आणि दीड किलोची ओढ मिळून तो सहज गाठला जातो. बॅटन होल्डरच्या रूपात वाशाला किंवा लाकडी गट्टूवर स्क्रूने घट्ट बसवावा, नाहीतर पाइपवर. वरून येणारी वायर होल्डरमध्ये शिरण्याआधी खाली एक झोळ देऊन मग वर आणावी. फुटक्या कौलातून गळणारं पाणी वायरवरून धावत येतं. झोळाच्या तळाशी ते गळून पडतं, नाहीतर थेट टर्मिनलमध्ये.

जुळवणीचा क्रम: खालच्या भागात पिना आणि स्थिर कॉन्टॅक्ट बसवा, मग दोन स्प्रिंगा, पूल, प्लंजर. प्लंजर बोटांनी दाबून पाहा, पूल तिरका न होता समांतर उठला पाहिजे. मग शाफ्ट थाळीसकट खाचेत ठेवा. कानात पट्टी, परतीची स्प्रिंग, दोन ठोकळे. चौरसावर अगदी थोडं सिलिकॉन ग्रीस. कॅमवर नको, ते उडून कॉन्टॅक्टवर जातं आणि ठिणगीत जळून काचेसारखा थर धरतं. झाकण लावण्याआधी दहा-वीस वेळा ओढून प्रत्येक वेळी मल्टिमीटरने दोन्ही तारा तपासा. झाकणाचे एम३ स्टेनलेस स्क्रूही हाताला लागणारेच धरा. त्यांच्यापासूनही ८ मिलिमीटर.

चाचण्यांत पहिली मेगरची, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरची. ५०० व्होल्टवर, सगळे टर्मिनल एकत्र करून, दुसरी तार दोरीला आणि शरीराभोवती गुंडाळलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाला. पण दोरी कोरडी ठेवून नव्हे: एका लिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ घालून दोरी रात्रभर भिजत ठेवा, भोकाच्या तोंडापर्यंत. मग त्याच ओल्या स्थितीत ३७५० व्होल्ट एसी एक मिनिट. हे काम प्रवाह वाढताच झटपट वीज तोडणाऱ्या हायपॉट टेस्टरवर (उच्च व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्रावर), त्यातल्या जाणकारानेच करावं. शेवटी २३० व्होल्टवर चालू ठेवून ओल्या दोरीतून अर्थकडे येणारा प्रवाह मोजा. पाव मिलिअँपिअरच्या वर गेला तर भिंत, थाळी आणि जोड यांपैकी काहीतरी चुकलं आहे.

नंतर आयुष्य. घरगुती स्विचला ४०,००० वेळा चालावं लागतं. गिअर मोटरवर १२ मिलिमीटरचा क्रँक (फिरता दांडा) बसवून मिनिटाला दहा ओढी दिल्या तर हे ६७ तासांत होतं. भार म्हणून ९ वॉटचे दहा एलईडी समांतर लावा. त्याशिवाय एक चाचणी हातानेच करायची: सेकंदाला एक मिलिमीटर इतकं सावकाश ओढत जा आणि दिव्याकडे पाहा. तो एकदाच, ठामपणे लागला किंवा विझला पाहिजे. मधे लुकलुकला तर कॅमचा चढ लवकर सुरू होतो आहे. ओढूनही स्थिती बदलत नसेल तर जीभ पुढच्या दातामागे पोचत नाही, चाल मोजा. एकदा ओढून दोनदा पालटत असेल तर ठोकळ्यांचा दाब कमी आहे आणि शाफ्ट स्वतःच्या वेगाने पुढच्या बाजूवर जातो आहे. पावसात जड आणि उन्हाळ्यात हलका चालत असेल तर कुणीतरी शाफ्ट नायलॉनचा केला आहे.

हा सगळा हिशोब एसीचा. सौर दिव्यांच्या डीसी जोडणीवर हा खटका तसाच लावू नये. एसीत ठिणगी सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते आणि विझते, डीसीत ती तशी विझत नाही. १२ व्होल्टला फारसं बिघडणार नाही, पण ४८ व्होल्टच्या वर कॉन्टॅक्ट लवकर जळतील. आणि विकायला काढायचा असेल तर भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र आधी. आयएस ३८५४ स्विचसाठी आणि आयएस १२५८ बी२२ होल्डरसाठी आहे, दोन्ही वाचूनच साचा करायला द्यावा. साचा एकदा कापला की भिंत जाड करायला जागा राहत नाही.

गोठ्यासाठी एक वेगळी सूचना. शेणमुताचा अमोनिया पितळाला आतून चिरतो, विशेषतः दाबून किंवा वाकवून घडवलेल्या पितळाला. टर्मिनल वरून चकचकीत दिसतो आणि स्क्रू आवळताना दोन तुकडे होतात. गोठ्यातल्या होल्डरमध्ये पितळ अजिबात नको; टर्मिनलही फॉस्फर ब्राँझचेच, वर निकेलचा मुलामा. दुरुस्तीला झाकण उघडण्याआधी मेन स्विच बंद करून थांबू नका, इन्व्हर्टरची लाइन वेगळी असेल तर तीही बंद करा आणि टेस्टर दोन्ही टर्मिनलवर लावून पाहा. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच, नसेल तर हा होल्डर लावण्याआधी तो बसवून घ्या.